खडबडीत बाजू वर : आमच्या माडीच्या तक्तपोशीची गोष्ट



माडीवरची फरशी बदलायची असं घरात ठरलं की पहिली चर्चा रंगाची होते. पांढरी घ्यायची की लाकडासारखी दिसणारी, दोन बाय दोनची की चार बाय दोनची, चकचकीत की खरबरीत. दुकानातून चार नमुने घरी येतात, ते उन्हात आणि दिव्याखाली ठेवून बघतात. ही फरशी बसणार कशावर, हे मात्र कुणीच विचारत नाही. सिमेंटच्या स्लॅबच्या घरात हे चालून जातं. लाकडी मजल्याच्या घरात चालत नाही. तिथे वरच्या फरशीचा निर्णय खालची फळी करते, आणि त्या फळीला तिचा स्वतःचा इतिहास असतो. आमच्या सांगलीच्या घराची माडी उघडली तेव्हा तो इतिहास थराथराने हाताला लागला. आज तोच लिहिते आहे.

आमच्याकडे हा विषय निघाला तो महापुरामुळे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, म्हणजे काय झालं असेल ते समजा. नदीकाठच्या आम्हा लोकांची एक पद्धत आहे. पाणी चढायला लागलं की खालचं सगळं घर माडीवर चढतं. धान्याची पोती, गाद्या, कपाटं, मशीन, देव्हारा, शेजारची दोन कुटुंबं. २००५ लाही तेच झालं होतं. म्हणजे ज्या मजल्यावर एरवी दोन माणसं झोपतात, त्याच्यावर चार-पाच दिवस अख्खं घर उभं असतं, आणि नेमकं तेव्हाच खालच्या भिंती पाणी पीत असतात. २०१९ चं पाणी ओसरल्यावर माडीच्या मधल्या खणात झोळ आलेला दिसला. बारीक, पण होता. दाराशी ठेवलेली गोटी आपोआप मधे घरंगळत जायची, नातवंडांना तेवढाच खेळ.

एका ठेकेदाराने येऊन पाहिलं आणि सोपा उपाय सांगितला. आहे त्या शहाबादीवर सिमेंटचा माल टाकू, मधे जाड घेऊन लेव्हल काढू आणि वर नवीन टाइल मारू. तीन दिवसांचं काम. भावजींना ते पटलं होतं. सासूबाई मात्र म्हणाल्या, "आधीच वाकलंय त्याच्या डोक्यावर अजून ओझं?" त्यांच्या या एका वाक्यावर काम थांबलं, आणि मी जुन्या घरांच्या मजल्यांविषयी वाचायला, विचारायला लागले.

सगळ्यात वर होती शहाबादी. घरात तिला 'नवी फरशी' म्हणायचे, कारण ती सासूबाईंच्या लग्नानंतर बसली. शहाबादी आपल्या भागात इतकी मुरलेली आहे की ती इथलीच वाटते. पण तिचा दगड येतो कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद-वाडीच्या पट्ट्यातून. सोलापूरहून पुढे रायचूरपर्यंतचा लोहमार्ग १८७१ मध्ये पूर्ण झाला आणि हा सपाट निघणारा, कमी घडाईचा दगड वाघिणींनी दूरवर जायला लागला. ज्या गावात रेल्वे पोचली तिथे आधी वखारींत, मग वाड्यांच्या सोप्यांत आणि मग स्वयंपाकघरांत तो दिसू लागला. मुंबईत त्याच काळात विलायतेहून येणाऱ्या रंगीत फरश्यांची हौस होती, आणि १९२२ मध्ये भारत फ्लोअरिंग्जने त्या तोडीच्या सिमेंटच्या फरश्या इथेच बनवायला घेतल्या, तो एक स्वदेशीचाच भाग होता. पण या सगळ्या फरश्या मुळात जमिनीवर किंवा दगडी जोत्यावर घालायच्या. माडीवर त्या चढल्या त्या पुष्कळ नंतर, आणि माझ्या मते फारसा विचार न करता चढल्या.

कारण माडीची खरी जमीन मातीची होती.

हे ऐकून आजच्या मुलींना नवल वाटतं. लाकडी मजल्यावर माती? होय. वाड्याच्या बांधणीत खांबांवर तुळया, तुळयांवर ओळीने कड्या, कड्यांवर आडव्या फळ्या म्हणजे तक्तपोशी, आणि फळ्यांवर मातीचा जाड थर, असा हिशेब असे. गरिबाच्या घरी फळ्यांच्या ऐवजी बांबूच्या कामट्या किंवा किलचा असत, पण वरची माती सगळ्यांना सारखीच. आमच्याकडे शहाबादी आणि तिच्याखालचा चुना-वाळूचा थर काढल्यावर साधारण चार बोटं जाडीची पांढरी माती निघाली. तिच्या वरच्या अंगाला शेणसारवणाचे पापुद्रे होते, एकावर एक, कागदाच्या गठ्ठ्यासारखे. खालच्या अंगाला विटांचे तुकडे आणि त्याखाली पार भुगा झालेली चटई. माती फळ्यांच्या फटीतून खाली झिरपू नये म्हणून ती चटई.

पांढरी माती मुद्दाम निवडलेली असे. आपल्या शेतातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिचा मजला टिकत नाही. जुन्या गावठाणाची पांढरी माती तेवढी हलत नाही, म्हणून माळवदालाही तीच आणि माडीलाही तीच. ती भिजवून, तुडवून, थापून घ्यायची आणि मग वर सारवण. सासूबाई सांगतात, त्यांच्या सासूबाई खालची जमीन सारवताना शेणकाला पातळ करायच्या आणि माडीची सारवताना घट्ट. माडीवर पाणी जास्त झालं तर ते फळीपर्यंत उतरतं आणि खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर मातकट थेंब पडतो. शिवाय लाकूड एकदा ओलं झालं की आठ-आठ दिवस सुकत नाही. हे त्यांना कुणी इंजिनियरने शिकवलेलं नव्हतं. ज्या बाईच्या हातात रोज ते फडकं होतं तिला माडीची प्रकृती माहीत होती, आणि शहाबादी आल्यावर त्या फडक्याबरोबर ती माहितीही घरातून गेली. फरशी आली तशी बादलीने धुणं आलं. शहाबादीच्या सांध्यांतून ते पाणी निमूटपणे मातीत उतरत राहिलं, वर काहीच दिसलं नाही.

मातीचा थर नुसता परवडतो म्हणून नव्हता. तो उन्हाळ्यात माडी थंड ठेवी, वरच्या पावलांचा आवाज खाली जाऊ देत नसे, आणि मुख्य म्हणजे आगीला आडवा येई. पणत्या, समया, शेगड्या, मुलांच्या हातातले दिवे, असं सगळं उघड्या अग्नीचं घर. निखारा पडला तर मातीवर विझतो. नुसत्या फळीवर पडला तर फळी धरते. श्वेतांबर प्रबंधांमध्ये उदयन मंत्र्याची कथा येते, ती तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी प्रवचनात ऐकली असेल. शत्रुंजयावरच्या तेव्हाच्या लाकडी मंदिरात त्याला एक उंदीर दिव्याची पेटती वात तोंडात धरून पळताना दिसला, आणि हे मंदिर दगडाचं केल्याशिवाय राहायचं नाही असा त्याने नियम घेतला. पुढे त्याच्या मुलाने, वाग्भटाने, ते काम केलं. कथेतला भक्तिभाव आपल्या जागी, पण लाकडी इमारतीत वावरणाऱ्या माणसाच्या पोटातली भीती त्या उंदरात आहे. ती खोटी नव्हती. शनिवारवाड्याला २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली तेव्हा दगडी जोतं आणि तट राहिले, लाकडी मजले गेले. पुण्याचाच बुधवार वाडा १८७९ मध्ये जळाला. मोठ्या आगीपुढे चार बोटं मातीचं काय चालणार. पण घरातल्या रोजच्या शंभर लहान ठिणग्यांपुढे तिचं चालत असे.

माती उतरल्यावर तक्तपोशी उघडी पडली, आणि ती पाहून आमचा तरुण मिस्त्री जरा नाराज झाला. त्याला वाटलं होतं जुन्या सागवानाच्या गुळगुळीत फळ्या निघतील, थोडं घासून पॉलिश मारलं की काम झालं. निघालं ते खडबडीत, करवतीचे आडवे ओरखडे असलेलं, कुठे वाकसाने तासलेलं, एक फळी सव्वा इंच तर शेजारची दीड इंच. लोहाराने घडवलेल्या चौकोनी खिळ्यांची डोकी मधेमधे वर आलेली.

यात सुताराची हयगय नव्हती. जुन्या घरात तक्तपोशीला दोन तोंडं असत. खालचं तोंड म्हणजे खालच्या खोलीचं छत. दिवाणखान्यात बसलेला पाहुणा मान वर करून तेच बघणार, म्हणून त्या बाजूला रंधा फिरे, फळ्यांच्या सांध्यावर पट्टी बसे, कड्यांच्या कडांना गोलवा काढला जाई. वरचं तोंड मातीखाली गाडलं जाणार, त्याच्यावर कोण रंधा मारत बसेल? दोन माणसांनी खालून-वरून हाताने ओढलेल्या करवतीने फळी निघे त्या काळात एकेका रंध्याच्या फेरीला मोल होतं. उलट खडबडीत बाजूला माती चांगली धरते. जाडीतला फरकही तसाच जिरवलेला होता. सगळ्या फळ्या खालून एका पातळीत, म्हणजे छत एकसारखं, आणि कमी-जास्त जे काय ते वर, मातीच्या पोटात.

आज जो कुणी अशा मजल्यावर थेट नवीन फरशी बसवायला जातो तो त्या सुताराच्या हिशेबाच्या उलट काम मागतो. जी बाजू कधीच सपाट असायची नव्हती तिला सपाट धरतो. ही एक गोष्ट लक्षात आली की पुढची सगळी तयारी आपोआप सुचते.

सागवानाविषयी थोडं. घरात सांगतात की आमचं लाकूड दांडेलीकडचं. उत्तर कानडा जिल्ह्याच्या सागवानाचं नाव मोठं होतंच. मुंबईकडे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रह्मदेशचं सागवान मोठ्या प्रमाणावर आलं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ ची. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवीच्या लाकडी चाळी आणि इमारती अशाच सागवानी सांगाड्यावर उभ्या राहिल्या. सागवानात नैसर्गिक तेल असतं, वाळवीला ते रुचत नाही. म्हणूनच इतक्या वर्षांनीही मधली फळी ठणठणीत निघते. कुजतात ती टोकं, भिंतीत गेलेली.

मुंबईच्या त्या इमारतींचं उदाहरण इथे द्यायलाच हवं, कारण आपल्या वाड्यांत जे हळूहळू होतं ते तिथे घाऊक झालं. बिऱ्हाडाबिऱ्हाडात मोरी, मोरीच्या खाली लाकडी कड्या. मोरीतली फरशी फुटली की तिच्यावर दुसरी फरशी. गळलं की अजून एक थर. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, आणि इतक्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकांनी हात काढून घेतले. वरून वजन वाढत राहिलं, खालून लाकूड कमी होत राहिलं. पावसाळ्यात इमारती पडू लागल्या, तेव्हा सरकारने १९६९ मध्ये कायदा करून इमारत दुरुस्ती मंडळ नेमलं आणि दुरुस्तीसाठी उपकर लावला. त्या वेळच्या उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२, आणि त्यांतल्या १६,५०२ तर १ सप्टेंबर १९४० च्या आधी बांधलेल्या. या पडझडीचं कारण म्हणून पाऊस लिहिला जातो. माझ्या मते पावसाइतकाच दोष त्या 'अजून एक थर' या सवयीचा आहे.

हे वजन म्हणजे नेमकं किती, ते वहीत मांडून बघितल्याशिवाय मला चैन पडेना. आमची माडी साधारण २० चौरस मीटर. थापलेली माती एका घनमीटरला सुमारे १६०० किलो भरते. चार बोटं, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर थराचे झाले प्रत्येक चौरस मीटरला १६० किलो. चुना-वाळूचा थर अंदाजे ६५ ते ७०. इंचभर शहाबादी अजून तेवढीच. बेरीज २९० च्या पुढे. म्हणजे पोतं नाही, माणूस नाही, पलंग नाही, तरी त्या कड्या वर्षानुवर्षं जवळजवळ सहा टन उचलून उभ्या होत्या. राहत्या खोलीत माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला २०० किलो धरायचे असा भारतीय मानकाचा संकेत आहे. आमची माडी तर रिकामी असतानाच त्याच्या दीडपट भार पेलत होती. ठेकेदाराच्या सल्ल्याने वर चार सेंटिमीटर माल आणि टाइल घातली असती तर आणखी १०० किलो दर चौरस मीटरला, एकूण दोन टन. आणि मग पुढच्या महापुरात त्याच्यावर पोती.

हा हिशेब मी भावजींपुढे ठेवला. ते व्यापारी माणूस. वजनकाट्याची भाषा त्यांना लगेच कळली. ठरलं की सगळं उतरवायचं आणि वर लाकूडच घालायचं.

एवढं मात्र सांगते की आमच्याकडे आधी एका स्ट्रक्चरल इंजिनियरांनी येऊन तुळया आणि भिंती तपासल्या. हे वाचून कुणी परस्पर कुदळ हातात घेऊ नका. उतरवण्यालाही रीत असते. खालच्या खोलीत मधल्या तुळईला ठेपे दिले, मग माती एका कोपऱ्यातून न काढता दोन्ही बाजूंनी पट्ट्या-पट्ट्यांनी काढली आणि काढलेली लगेच खाली पोचवली. मजल्यावरच ढीग केला तर सगळ्या खोलीचं वजन चार कड्यांवर येतं. काम कार्तिकानंतर घेतलं. चातुर्मासात खणती-उकराउकर आपण टाळतोच, आणि लाकडाच्या दृष्टीनेही तेच योग्य. श्रावणात फुगलेल्या फळ्यांवर नवीन काही बसवलं तर चैत्रात सगळे सांधे उघडतात.

मातीत जीव निघणार हे माहीत होतंच. मुंग्या, कसर, चटईच्या भुग्यात उंदराचं रिकामं घर. म्हणून कामगारांना रोजचं काम थोडंच दिलं, प्रत्येक पट्टी उघडली की ती तासभर तशीच ठेवायची, मऊ कुंचल्याने बाजूला सारायचं, मग फावडं. त्यांना सुरुवातीला हसू आलं, दोन दिवसांनी त्यांनाच सवय झाली. माती शेतात नेऊन टाकली. औषध फवारणाऱ्या माणसाला मी बोलावलं नाही. सडकी टोकं बदलल्यावर चांगल्या, निरोगी लाकडाला टाकणखाराचं पाणी दोन हात लावलं. त्याने पुढे कीड लागायचंच टळतं. लागल्यावर मारण्यापेक्षा लागू न देणं केव्हाही बरं, आणि ते स्वस्तही पडतं.

भार उतरल्यावर एक गंमत झाली. ठेपे नुसते टेकवलेले होते, जोर लावला नव्हता, तरी पंधरा दिवसांत मधला झोळ निम्म्याने कमी झाला. कड्या आपोआप वर आल्या. उरलेला मात्र कायमचा. इतकी वर्षं वाकलेलं लाकूड पूर्ण सरळ होत नाही, आणि जॅक लावून जबरदस्ती केली तर भिंतीला तडा जातो. इंजिनियर म्हणाले, राहू द्या.

मग खरी तयारी. प्रत्येक कडीचं भिंतीतलं टोक उघडं करून त्यात स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहिला. चांगल्या सागवानात तो शिरत नाही. कुजलेल्यात केकमध्ये सुरी जावी तसा जातो. सतरांपैकी पाच टोकं गेलेली होती, पाचही जिथे पूर्वी माडीवर पाण्याचा रांजण असायचा त्या बाजूची. ती कापून, शेजारी नवीन कडी जुनीला जोडून, बोल्टांनी आवळली, आणि टोकाभोवती भिंतीत हवा खेळायला जागा ठेवली. पूर्वीचे लोक ही टोकं डांबरात बुडवायचे. ओल बाहेर पडायला वाट असेल तर डांबर नसलं तरी चालतं, वाट नसेल तर डांबरही उपयोगाचं नाही.

फळ्या एकेक करून वाजवून पाहिल्या. ठोकल्यावर ठण् वाजली तर ठीक, बद वाजली तर खालून बघायची. सैल फळ्यांना खिळा मारायचा नाही. वाळलेलं जुनं सागवान खिळ्याने चिरतं, आणि खिळा पुन्हा ढिला होऊन फळी कुरकुरायला लागते. आधी बारीक भोक पाडून मग स्क्रू, थेट कडीत. जुने चौकोनी खिळे उपटले नाहीत, त्यांची डोकी ठोकून फळीच्या आत बसवली. रंधा फिरवायचा मोह मिस्त्रीला होताच. मी फक्त उंच फळ्यांचे उंचवटे तासायला सांगितलं, बाकी खडबडीत तसंच. फटींतली घाण मात्र पूर्ण काढली: ज्वारीचे दाणे, बांगड्यांचे तुकडे, केसाच्या पिना, आणि एका फटीत ओळीने अडकलेल्या सात-आठ टाचण्या.

पातळी बघायला आपली पारदर्शक नळीच, पाणी भरलेली. आजकाल लेझर आलंय, पण नळीतलं पाणी खोटं बोलत नाही. भिंतीपासून मध्यापर्यंत उरलेला फरक अर्ध्या इंचाच्या आत होता. सिमेंट किंवा पुट्टीने तो भरायचा नाही. हलणाऱ्या लाकडावर ते फुटून भुगा होतं. उतरत्या लाकडी पट्ट्या कड्यांच्या रेषेत बसवल्या, मधल्या जागी पातळ पट्ट्यांचा आधार दिला आणि वर बारा मिलिमीटरचं पाण्याला टिकणारं प्लायवूड घातलं. दोन तुकड्यांत रुपयाच्या नाण्याच्या जाडीपेक्षा थोडी जास्त फट, सांधे विटांच्या रचनेसारखे चुकवून, आणि भिंतीपासून अर्धा इंच लांब. लाकूड पावसाळ्यात पसरणार, त्याला जागा हवी. ती फट कडेच्या पट्टीखाली झाकली जाते.

नवीन फळ्या जुन्याच घेतल्या. पाडलेल्या वाड्यांचं सागवान विकणारे आहेत, त्यांच्याकडून इंचाला थोड्या कमी जाडीच्या कापून घेतल्या, महिनाभर माडीवरच रचून ठेवल्या म्हणजे त्यांना तिथली हवा लागली, आणि मग खालच्या तक्तपोशीला आडव्या बसवल्या. एकाच दिशेने बसवल्या असत्या तर खालच्या सांध्यांच्या रेषा वर उमटल्या असत्या. प्लायवूड, पट्ट्या आणि फळ्या मिळून चौरस मीटरला पंचवीस किलोच्या आत. सगळ्या माडीचे पाचशे किलोसुद्धा झाले नाहीत. सहा टनांच्या जागी अर्धा टन.

गमावलं ते सांगायला हवं. उन्हाळ्यात दुपारी माडी पूर्वीपेक्षा गरम होते. आवाज तर फारच: नातू वर धावला की खाली सासूबाई म्हणतात, "आला बघ घोडा." प्लायवूडच्या खाली नारळाच्या काथ्याची चटई घातली आहे, तिने थोडा फरक पडला, मातीइतका नाही. आणि समई माडीवर नेत नाही आम्ही आता. मातीने जे काम केलं होतं त्याची किंमत तिच्या जाण्यानंतर कळते. पण ते काम सहा टनांत पडत होतं, आणि आमच्या गावात नदी आहे.

खालच्या खोलीचं छत तसंच ठेवलं आहे, फक्त पुसून अळशीचं तेल लावलं. रांजणाच्या कोपऱ्यातली वरची एक फळी मुद्दाम चार स्क्रूंवर सुटी ठेवली आहे. दर वर्षी दिवाळीनंतर ती उघडायची, बॅटरी लावून त्या पाच टोकांकडे बघायचं, हात लावून कोरडी आहेत ना ते पाहायचं आणि पुन्हा बंद करायची. त्या फळीच्या खालच्या अंगावर तारीख लिहायची असं ठरवलंय. सध्या दोन तारखा आहेत.